दाढीचा पहिला बॅजर ब्रश निवडताना

पंचाहत्तरी किंवा सहस्रचंद्रदर्शन जवळ आले, की वडिलांना भेट काय द्यावी, हा प्रश्न मुलांना पडतो. शाल असते, घड्याळ असते, चष्मा नुकताच बदललेला असतो. अशा वेळी परदेशात राहणारा मुलगा किंवा नातू अलीकडे हमखास एक वस्तू आणतो : बॅजर या प्राण्याच्या केसांचा, वजनदार मुठीचा, मखमली पेटीत ठेवलेला दाढीचा ब्रश. काही ज्येष्ठ नागरिक तो स्वतःही विकत घेतात. आयुष्यभर वाण्याच्या दुकानातला साधा ब्रश वापरला, आता निवृत्तीनंतर एक हौस पुरी करावी, असे त्यांना वाटते. हौस चांगलीच आहे. मात्र वैद्यकीय व्यवसायात असल्यामुळे मला त्या पेटीच्या झाकणावरील सोनेरी अक्षरांपेक्षा तो ब्रश ज्या चेहऱ्यावर फिरणार आणि जो हात तो धरणार, त्यांचा विचार आधी सुचतो.

उतारवयातील दाढी ही तरुणपणातील दाढीसारखी नसते. त्वचा पातळ झालेली असते, हात पूर्वीइतका स्थिर नसतो, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतात आणि कित्येक घरांत दाढी करणारा हात दुसऱ्याच कोणाचा तरी असतो. म्हणून या लेखात ब्रशची निवड सौंदर्यप्रसाधन म्हणून न पाहता घरगुती शुश्रूषेचा एक भाग म्हणून पाहू. सांगायचे ते थोडक्यात एवढेच आहे : ब्रश केसांच्या किमतीवरून निवडू नये, हात, चेहरा आणि ब्रश सुकवण्याची जागा या तीन गोष्टी पाहून निवडावा.

ब्रश नेमके काय करतो

कोरडा दाढीचा केस कठीण असतो. तो पाणी शोषून घेतो तेव्हा फुगतो, मऊ होतो आणि पात्याने सहज कापला जातो. त्यासाठी कोमट पाण्याचा दोन-तीन मिनिटांचा सहवास पुरेसा असतो. आंघोळीनंतर दाढी केली तर ती सोपी जाते, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. त्याचे कारण हेच.

ब्रश हे पाणी चेहऱ्यापर्यंत नेतो आणि तेथे टिकवून धरतो. त्याच वेळी साबणात हवा व पाणी मिसळून दाट फेस तयार करतो. हा फेस पाते आणि त्वचा यांच्यामध्ये एक निसरडा थर होऊन राहतो. तिसरे काम म्हणजे त्वचेला चिकटून पडलेले केस ब्रशच्या गोल फिरण्याने उभे राहतात, त्वचेवरील मृत पेशी हलकेच निघतात आणि पात्याला एकाच जागी वारंवार फिरावे लागत नाही.

वृद्ध त्वचेच्या दृष्टीने शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. वयानुसार त्वचेचा बाह्य थर पातळ होतो, खालच्या थराशी असलेली त्याची पकड सैल होते, स्निग्धता कमी होते आणि गालावर, हनुवटीखाली सुरकुत्या व लोंबत्या घड्या पडतात. अशा त्वचेवर पाते जितक्या कमी वेळा आणि जितक्या कमी दाबाने फिरेल तितके बरे. चांगला फेस असेल तर दाब आपोआप कमी होतो. बोटांनी चोळून लावलेल्या क्रीमने हे काम होत नाही असे नाही. परंतु ब्रशने ते अधिक समान आणि अधिक हळुवार होते.

बॅजरचे केसच का?

बॅजर हा जमीन उकरून बिळात राहणारा, मजबूत नख्यांचा मांसाहारी कुळातील प्राणी आहे. दाढीचा ब्रश आणि हा प्राणी यांचे नाते युरोपात इतके जुने व घट्ट आहे, की फ्रेंच भाषेत 'ब्लेरो' या एकाच शब्दाने दोन्हींचा बोध होतो. आज ब्रशसाठी लागणारे केस मुख्यतः चीनमधून येतात. इंग्लंडमध्ये बॅजरला १९९२ च्या कायद्याने संरक्षण आहे. आपल्या देशात आढळणारा त्याचा दूरचा नातलग रॅटेल हाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. म्हणून 'देशी बॅजरच्या केसांचा' किंवा मुंगसाच्या केसांचा म्हणून कोणी ब्रश विकत असेल, तर तो घेऊ नये. मुंगसाच्या केसांच्या ब्रशांचा व्यापार आपल्याकडे बेकायदेशीर आहे.

या केसांचे वैशिष्ट्य असे, की ते मुळाशी जाड आणि टोकाशी निमुळते असतात. मुळाकडचा भाग फिकट, मध्ये काळसर पट्टा आणि टोक पुन्हा पांढरट, अशी त्यांची नैसर्गिक रंगसंगती असते. निमुळत्या टोकांमुळे ब्रश त्वचेला टोचत नाही, तर जाड मुळांमुळे झुपक्याला उभारी राहते. बारीक केसांच्या दाट झुपक्यात पाणी भरपूर साठते आणि ते हळूहळू सोडले जाते.

बाजारात या केसांच्या प्रती इंग्रजी नावांनी ओळखल्या जातात. 'प्युअर' ही सामान्य प्रत : केस गडद, आखूड आणि जरा राठ. 'बेस्ट' ही त्यावरची : केस अधिक बारीक व लांब. 'सुपर' त्याहून वरची आणि 'सिल्व्हरटिप' ही सर्वांत महाग : टोके पांढरीशुभ्र आणि अतिशय मऊ. येथे एक सावधगिरी बाळगावी. या नावांना सर्वमान्य असे कोणतेही प्रमाण नाही. एका उत्पादकाचा 'सुपर' दुसऱ्याच्या 'बेस्ट'सारखा असू शकतो. 'प्युअर' या शब्दाने तर अनेकांची फसगत होते. तो शुद्ध आणि म्हणून उत्तम असे ग्राहकाला वाटते, प्रत्यक्षात ती सर्वांत खालची प्रत असते. नावापेक्षा स्पर्शावर विश्वास ठेवावा. ब्रशची टोके कोरडी असताना गालावर किंवा मनगटाच्या आतल्या बाजूवर टेकवून पाहावीत. टोचल्यासारखे वाटले, तर केसांची टोके कापून आकार दिलेला आहे असे समजावे. वृद्ध त्वचेसाठी असा ब्रश टाळावा.

खऱ्याखोट्याची शंका आली, तर ब्रशमधून सुटलेला एखादा केस चिमट्यात धरून पेटवून पाहता येतो. प्राण्याचा केस जळताना केस जळल्याचाच वास येतो आणि चुरा होतो. कृत्रिम धागा वितळून त्याचा मणी होतो. डुकराचे केस रंगवून काळा पट्टा उठवलेले ब्रशही मिळतात. तेव्हा अवाजवी स्वस्त 'बॅजर' दिसला तर थोडे थांबावे.

शंभर वर्षांपूर्वीचा एक धडा

दाढीच्या ब्रशसारखी निरुपद्रवी वस्तू वैद्यकाच्या इतिहासात एकदा चांगलीच गाजली. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत सैनिकांच्या व नागरिकांच्या चेहऱ्यावर, मानेवर अँथ्रॅक्सच्या काळ्या खपलीचे व्रण दिसू लागले. आपले पशुपालक गुरांच्या ज्या रोगाला 'फाशी' म्हणून ओळखतात, तोच हा रोग. शोध घेतला तेव्हा बोट नव्या दाढीच्या ब्रशांकडे वळले. युद्धामुळे बॅजरच्या केसांचा नेहमीचा पुरवठा खंडित झाला होता आणि त्यांच्या जागी घोड्याचे केस बॅजरसारखे रंगवून वापरले जात होते. त्यांचे निर्जंतुकीकरण नीट झालेले नव्हते. या रोगाचे जंतू बीजाणूंच्या रूपात दीर्घकाळ तग धरतात. दाढी करताना पडलेल्या बारीकशा जखमेतून ते शरीरात शिरत. अखेर १९२० मध्ये ब्रिटनने जपानमधून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांच्या आयातीवर बंदी घातली.

आज नामांकित उत्पादक केसांचे निर्जंतुकीकरण करूनच ब्रश बनवतात. त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. या इतिहासातून घेण्यासारख्या गोष्टी दोन. पहिली, प्राण्याच्या केसांचा ब्रश निनावी, बिनवेष्टनाचा, रस्त्यावरचा घेऊ नये. दुसरी, दाढी करताना पडणारी सूक्ष्म जखम हे जंतूंना उघडलेले दार असते. ती जखम डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती नसते असे नव्हे.

बॅजरला पर्याय

बॅजर चांगला असला, तरी तो अपरिहार्य नाही. पर्याय तीन आहेत.

डुकराच्या केसांचा ब्रश स्वस्त असतो. त्याचे केस पाणी आत शोषून घेतात, म्हणून वापरापूर्वी तो काही मिनिटे भिजवावा लागतो. सुरुवातीला तो राठ असतो. काही आठवड्यांच्या वापरानंतर केसांची टोके चिरून मऊ होतात. ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांनी तो न घेणे बरे. शिवाय मुस्लिम, जैन आणि अन्य शाकाहारी घरांत असा ब्रश भेट देण्यापूर्वी विचारून घेणे हे सौजन्याचे आहे. हाच विचार बॅजरच्या ब्रशलाही लागू आहे. आयुष्यभर चामड्याची वस्तू न वापरलेल्या आजोबांना तो आवडेलच असे गृहीत धरू नये.

घोड्याचे केस मऊपणात या दोहोंच्या मधले असतात. आपल्याकडे ते फारसे मिळत नाहीत.

तिसरा पर्याय कृत्रिम धाग्यांचा. जुने नायलॉनचे ब्रश राठ असत आणि पाणी धरत नसत, ही तक्रार खरी होती. अलीकडचे बारीक, निमुळत्या टोकांचे कृत्रिम धागे मात्र फारच सुधारले आहेत. ते मऊ असतात, त्यांना वास नसतो, साबण कमी लागतो आणि ते लवकर सुकतात. घरात अंथरुणाला खिळलेला रुग्ण असेल, स्नानगृहाला खिडकी नसेल किंवा घर कोकणात असून पावसाळ्यात चार महिने काहीच वाळत नसेल, तर मी बॅजरऐवजी हाच ब्रश सुचवतो.

हात पाहून मूठ, चेहरा पाहून झुपका

ब्रश घेताना दोन मापे विचारावीत. एक, मुठीत बसवलेल्या झुपक्याचा व्यास. दुसरे, मुठीच्या वर दिसणाऱ्या केसांची उंची. ही मापे मिलिमीटरमध्ये सांगितली जातात. पहिल्या ब्रशसाठी २२ ते २४ मिलिमीटर व्यास आणि सुमारे ५० मिलिमीटर उंची हे मध्यम माप सोयीचे पडते. यापेक्षा मोठा झुपका दिसायला रुबाबदार असतो, परंतु तो फार पाणी धरतो. ते पाणी कोपरापर्यंत ओघळते, कानात जाते आणि साबणही अधिक लागतो. दुसऱ्याची दाढी करून देणाऱ्याने २० ते २२ मिलिमीटरचा लहान ब्रश घ्यावा. नाकाखाली, ओठांच्या कडेला आणि रायल्स ट्यूबच्या चिकटपट्टीजवळ तो हवा तसा वळवता येतो.

फार उंच केसांचा झुपका लुळा पडतो आणि फेस करायला वेळ लागतो. फार आखूड झुपका ताठ राहून त्वचेला घासतो. प्रतीच्या बाबतीत, पहिल्याच वेळी सिल्व्हरटिपवर हजारो रुपये खर्च करण्याची गरज नाही. मधल्या प्रतीचा, टोकांशी मऊ असलेला ब्रश बहुतेकांना पुरतो.

आता मुठीविषयी. अंगठ्याच्या मुळाशी सांधेदुखी असेल, तर बारीक मूठ चिमटीत धरणे त्रासाचे होते. जाड, मध्ये खोलगट असलेली मूठ घ्यावी. कंपवातामुळे हात थरथरत असेल, तर थोडी वजनदार मूठ हाताला स्थैर्य देते. शिवाय कोपर टेबलावर किंवा बेसिनच्या कडेवर टेकवून ब्रश फिरवावा. पक्षाघातानंतर पकड कमकुवत झाली असेल, तर उलट हलकी मूठ हवी. साबणाच्या हाताने गुळगुळीत धातूची मूठ निसटते. म्हणून खडबडीत किंवा कंगोऱ्यांची मूठ बरी. न तासलेल्या, न रंगवलेल्या लाकडाची मूठ पाण्याने फुगते आणि तडकते. मूठ पाण्यात पडली तरी फुटणार नाही अशी असावी, हे सांगायला नकोच.

दुकानात ब्रश हातात घ्यावा, डोळे मिटून तो गालाशी नेऊन पाहावा. आरशाशिवाय तो सहज गालापर्यंत पोहोचला, तर मूठ आपल्या हाताची आहे असे समजावे.

ज्यांनी विशेष काळजी घ्यावी

काही आजारांत ब्रश आणि पाते यांविषयी थोडा अधिक विचार करावा लागतो.

*रक्त पातळ ठेवणारी औषधे.* अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन किंवा तत्सम गोळी चालू असेल, तर बारीकशी चीरही बराच वेळ वाहते. स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटे दाबून धरावे. दर मिनिटाला उचलून पाहू नये. दहा-दहा मिनिटांच्या दोन प्रयत्नांनंतरही रक्त थांबले नाही तर डॉक्टरांकडे जावे. दाढीसाठी म्हणून गोळी मनाने बंद करणे हा मात्र फार महागात पडणारा उपाय आहे. वारंवार कापत असेल, तर पाते सोडून विजेवरचे यंत्र वापरावे. विजेच्या यंत्राची दाढी बहुधा कोरडी असते; तेव्हा ब्रशची गरजच उरत नाही, हे भेट देणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावे.

*मानेवरचा दाब.* मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांपाशी रक्तदाबाची जाणीव ठेवणारी एक जागा असते. काही वृद्धांमध्ये ही जागा अतिसंवेदनशील झालेली असते. दाढी करताना तेथे दाब पडला किंवा मान फार मागे ताणली गेली, तर नाडी मंदावून भोवळ येऊ शकते. दाढी करताना कधी डोळ्यांपुढे अंधारी आली असेल, तर ती अशक्तपणाच्या खाती टाकू नका. डॉक्टरांना नेमके हेच वाक्य सांगा. साठीनंतर दाढी खुर्चीवर बसूनच करावी, हा सर्वांसाठी चांगला नियम आहे.

*चेहऱ्याची कळ.* ट्रायजेमिनल न्यूराल्जिया या विकारात गालाला वाऱ्याची झुळूक लागली, तरी विजेच्या धक्क्यासारखी कळ उठते. ब्रशचा स्पर्श हे त्या कळेला चाळवणारे एक नेहमीचे कारण आहे. अशा रुग्णाने दाढी करणे टाळले, तर तो आळस नसतो. त्यावर औषधे आहेत. ती सुरू होऊन कळ आटोक्यात येईपर्यंत त्या बाजूला ब्रश लावू नये.

*पक्षाघात.* चेहऱ्याची एक बाजू बधिर असेल, तर पाणी किती गरम आहे हे तिला कळत नाही. पाणी नेहमी चांगल्या बाजूच्या हाताने तपासावे. पापणी मिटत नसेल, तर त्या डोळ्यात फेस जाऊ देऊ नये. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेले काही रुग्ण डाव्या बाजूचे अस्तित्वच विसरतात. ते आरशात पाहून चेहऱ्याच्या उजव्या अर्ध्याच भागाची दाढी करतात आणि काम पूर्ण झाले असे त्यांना मनापासून वाटते. घरच्यांनी यावर हसू नये, रागावूही नये. हे त्या आजाराचे लक्षण आहे.

*मधुमेह आणि त्वचेचे विकार.* केसांच्या मुळाशी पुळ्या, नागीण किंवा ओठावर जर उठलेला असताना ब्रश व पाते बाजूला ठेवावे. अन्यथा ब्रशच संसर्ग चेहराभर पसरवतो. बरे झाल्यावर ब्रश स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून मग वापरावा. कर्करोगासाठी चेहऱ्यावर किंवा मानेवर किरणोपचार चालू असतील, तर त्या भागावर ब्रश, साबण आणि पाते काहीही वापरण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे.

*एकाचा ब्रश एकालाच.* काविळीचा ब प्रकारचा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणून पाते, ब्रश आणि तुरटीचा खडा या तिन्ही वस्तू घरातही सामायिक नसाव्यात. न्हावी घरी येत असेल, तर नवे पाते त्याने आपल्यासमोर काढावे आणि ब्रश आपलाच वापरावा. आपला स्वतंत्र ब्रश असण्याचा हा फायदा हौसेपेक्षा कितीतरी मोठा आहे.

दुसऱ्याची दाढी करून देताना

वडिलांची किंवा पतीची दाढी करून देणे ही वरवर साधी वाटणारी, प्रत्यक्षात नाजूक सेवा आहे. आयुष्यभर स्वतःचा चेहरा स्वतः सांभाळलेल्या माणसाने तो दुसऱ्याच्या स्वाधीन केलेला असतो. म्हणून आधी विचारावे, "आज दाढी करूया का?" नको म्हणाले, तर संध्याकाळी पुन्हा विचारावे.

त्यांना पाठीला आधार देऊन बसवावे; डोक्यामागे उशी असावी. कवळी असेल तर ती लावूनच दाढी करावी, म्हणजे गाल भरलेले राहतात आणि घड्या कमी पडतात. कोमट पाण्यात पिळलेला मऊ पंचा दोन-तीन मिनिटे चेहऱ्यावर ठेवावा. मग ब्रश ओला करून, जास्तीचे पाणी झटकून, वाटीतल्या साबणावर फिरवावा. फेस वाटीतच दाट करून घ्यावा आणि केवळ टोकांनी, दाब न देता, लहान वर्तुळांत लावावा. झुपका गालावर दाबून पसरला, तर केस मुळाशी तुटतात आणि त्वचाही सोलवटते.

पाते नवे असावे. एका हाताच्या बोटाने त्वचा हलकेच वर ताणून, केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने लहान लहान फटकारे मारावेत. उलट्या दिशेने गुळगुळीत करण्याचा हट्ट धरू नये. वृद्ध चेहऱ्याला थोडे खुंट शोभतात, जखमा शोभत नाहीत. शेवटी कोमट पाण्याने पुसून, टिपून, साधे मलम किंवा खोबरेल तेलाचे बोट फिरवावे. मद्यार्कयुक्त झोंबणारी लोशने टाळावीत.

शक्य असेल तर फेस लावण्याचे काम त्यांच्याच हाती ठेवावे. ब्रशने कोणी कापून घेत नाही. पाते आपण धरले आणि ब्रश त्यांनी धरला, तरी 'माझी दाढी मी केली' हे समाधान त्यांच्याकडे राहते. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीच्या हातात ओला ब्रश दिला, तर कित्येकदा तो हात जुन्या सवयीने आपोआप गालाकडे जातो.

हीच वेळ चेहरा जवळून पाहण्याचीही असते. तीन आठवड्यांहून अधिक काळ न भरलेला व्रण, रंग किंवा आकार बदलणारा तीळ, जबड्याखाली नव्याने लागणारी गाठ, डोळ्यांत दिसणारी पिवळसर झाक, यांपैकी काहीही आढळले तर डॉक्टरांना दाखवावे.

निगा

नव्या ब्रशला प्राण्याच्या केसांचा थोडा वास येतो. सौम्य शाम्पूने दोन-तीनदा धुऊन त्यात फेस करून टाकून द्यावा. काही दिवसांत वास जातो. पहिल्या आठवड्यात थोडे केस गळणे स्वाभाविक आहे. महिन्यानंतरही रोज केस गळत असतील, तर ब्रश सदोष आहे.

बॅजरचा ब्रश कोमट पाण्यात मिनिटभर ठेवला तरी पुरे. उकळत्या पाण्यात तो कधीही घालू नये. केस ठिसूळ होतात आणि झुपका मुठीत धरून ठेवणारा गोंद सुटतो. त्यामुळे 'उकळून निर्जंतुक करू' ही कल्पना येथे चालत नाही. वापरानंतर साबण पूर्ण निघेपर्यंत धुवावा, हलकेच पिळून झटकावा, पंचावर टिपावा आणि हवा खेळेल अशा जागी ठेवावा. मखमली पेटी कपाटात राहू द्या. ओला ब्रश बंद पेटीत ठेवणे म्हणजे जंतूंना आणि बुरशीला आमंत्रण आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी झुपक्याच्या गाभ्यात ओल जाणवत असेल, तर जागा बदलावी किंवा दोन साधे ब्रश आलटून पालटून वापरावेत.

बोअरच्या पाण्याचा त्रास अनेक गावांत आहे. जड पाण्यात फेस धरत नाही आणि ब्रशच्या मुळाशी साबणाची पांढरी राप बसते. दाढीपुरते पाणी उकळून, निवळून घेतले तर बराच फरक पडतो. राप बसलीच तर महिन्यातून एकदा पाण्यात थोडा व्हिनेगर घालून त्यात ब्रश काही मिनिटे बुडवावा आणि मग स्वच्छ धुवावा.

शेवटी एक सूचना

नेटकेपणाने रोज दाढी करणाऱ्या माणसाची दाढी अचानक वाढू लागली, तर त्याला नवा ब्रश देण्यापूर्वी कारण शोधावे. हात थरथरत असेल, दिसत कमी असेल, उभे राहवत नसेल, एखादा दात किंवा गाल दुखत असेल, किंवा मनच कशात लागत नसेल. जोडीदार गेल्यानंतर कित्येक पुरुषांची दाढी आधी वाढते आणि नैराश्य घरच्यांच्या लक्षात मागाहून येते. यांतील प्रत्येक कारणावर काही ना काही उपाय आहे. पण ब्रश हा त्या कारणांवरचा उपाय नव्हे.

कारण सापडले आणि त्यावर उपचार सुरू झाले, की मग दुकानात जावे. त्यांना सोबत न्यावे, मुठी त्यांच्या हातात देऊन पाहाव्यात आणि बॅजर की कृत्रिम हा निर्णय त्यांच्या गालावर सोपवावा.